छोटा लॅपटॉप घेताना काटछाट कुठे केलीय ते बघा

पाटण तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. त्या लिहितात:

"मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम बघणारी कार्यकर्ती आहे. माझ्याकडे चौदा गट आहेत, त्यातल्या तीन वाड्यांना चालतच जावं लागतं. हप्ते आणि कर्जाची एक्सेल शीट, बैठकीचं इतिवृत्त, बँकेचे कर्ज प्रस्ताव, सगळं मी वहीत लिहून आणते आणि रात्री पुतण्याच्या कॉम्प्युटरवर भरते. आता स्वतःचा लॅपटॉप घ्यायचाय. १८ हजार जमवलेत. कराडच्या एका दुकानात ११.६ इंची नवा विंडोज लॅपटॉप १६,९०० ला दाखवला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, हातात घेतला तर अगदी हलका. पुतण्या म्हणतो, असला खेळण्यातला घेऊ नकोस, जुना १५ इंची मोठा घे. पण तेवढं वजन मला खांद्याला झेपत नाही. दिरांचा २०१० सालचा छोटा नेटबुकही कपाटात पडून आहे, तो दुरुस्त होईल का? आणि आमच्याकडच्या पावसात मशीन न्यायचं कसं?"

ताई, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते. कराडचा तो लॅपटॉप घेऊ नका. पुतण्याचंही अर्धंच ऐका. जुना घ्या, पण १५ इंची नको, साडेबारा इंची घ्या. छोटंच मशीन हवं हा तुमचा आग्रह अगदी बरोबर आहे आणि तो सोडू नका. दोन किलोच्या आसपासचा लॅपटॉप, वर त्याचा चार्जर, शिवाय गटांच्या वह्या, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन एसटीतून उतरून चढण चढायची म्हटलं, तर पहिल्या आठवड्यात तुम्ही तो हौसेनं न्याल आणि तिसऱ्या आठवड्यात घरी ठेवाल. मग पुन्हा आधी वहीत आणि नंतर कॉम्प्युटरवर, असं दुहेरी काम सुरू होईल. लॅपटॉप घ्यायचं कारणच तिथे संपतं.

अडचण मशीन छोटं असण्यात नाही. छोटं आणि स्वस्त करताना कंपनीनं कशात काटछाट केली, ते दुकानात दिसत नाही. वजन हातात कळतं, रंग डोळ्यांना दिसतो. रॅम (चालू कामाची जागा) आणि स्टोरेज (फायली साठवायची जागा) मात्र खोक्यावर नुसते आकडे असतात.

तुम्ही लिहिलेले आकडेच घेऊ. विंडोज ११ चालायला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं, हे मायक्रोसॉफ्टनंच ठरवून दिलंय. म्हणजे दुकानदारानं दाखवलेला लॅपटॉप बरोबर त्या शेवटच्या रेषेवर उभा आहे. मशीन सुरू होईल, पण तुमच्या कामाला त्यात जागा उरत नाही. ६४ जीबी प्रत्यक्षात स्क्रीनवर ५८ च्या आसपास दिसतात. त्यातले वीस-पंचवीस विंडोज आणि त्याच्या राखीव फायली घेतात, वर ऑफिस येतं. उरलेल्या जागेत तुमच्या शीट, व्हॉट्सॲपवरून उतरलेले फोटो आणि पासबुकांचे स्कॅन. वर्षातून एकदा विंडोजचं मोठं अपडेट येतं, ते स्वतःला उलगडायला आणखी काही जीबी मोकळे मागतं.

माझ्या भाचीला काही वर्षांपूर्वी मी असाच एक छोटा लॅपटॉप घेऊन दिला होता, त्यात तर ३२ जीबीच होते. सुरुवातीचे महिने पोर खूश होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या संध्याकाळी अपडेट मध्येच अडकलं आणि स्क्रीनवर एकच सूचना यायला लागली, जागा अपुरी. आम्ही दोघींनी गाणी उडवली, सहलीचे फोटो उडवले, ऑफिससुद्धा काढून टाकलं. तरी आकडा पुढे सरकेना. शेवटी रात्री नऊ वाजता सायबर कॅफेवाल्याला शटर उघडायला लावून अर्ज भरला. पोरगी तिथे बाकड्यावर बसून रडत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, कारण लॅपटॉप मी निवडला होता. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारलं तर म्हणाले, स्टोरेज वाढवता येणार नाही, ते बोर्डावरच जोडलेलं आहे.

हीच गोष्ट तुम्ही दुकानात विचारायची. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी नावाचं स्टोरेज असतं. दुकानदार त्यालाही सरसकट एसएसडी म्हणतात. ईएमएमसी ही मोबाइलमध्ये असते तशी चिप, मदरबोर्डावर सोल्डर केलेली. एसएसडीपेक्षा हळू, आणि बदलता येत नाही. अशा मशीनमध्ये बऱ्याचदा रॅमही तशीच सोल्डर केलेली असते. ४ जीबीतली निम्म्याहून जास्त रॅम विंडोज स्वतःच धरून ठेवतं. मग तुम्ही क्रोम उघडलं, व्हॉट्सॲप उघडलं आणि वर बारा महिन्यांची एक्सेल शीट उघडली की रॅम भरते. जे मावत नाही ते मशीन त्या हळू स्टोरेजवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. तुम्हाला एवढंच दिसतं की सेलवर क्लिक केलं आणि गोल चक्र फिरतंय. गटातल्या दहा बायका समोर बसल्यात, कुणाला घरी जाऊन चूल पेटवायचीय, आणि तुम्ही चक्राकडे बघताय.

प्रोसेसरचंही नाव विचारा. या किमतीत बरेचदा सेलेरॉन एन४०२० असतो, २०१९ साली आलेला, दोन कोरचा. २०२३ साली आलेला इंटेल एन१०० असेल तर गोष्ट वेगळी. तो चार कोरचा आहे, वीजही फार खात नाही. एन१००, ८ जीबी रॅम आणि बदलता येणारी २५६ जीबी एसएसडी असा नवा छोटा लॅपटॉप तुमच्या पैशांत कुठे मिळालाच, तर खुशाल घ्या, नव्याची वॉरंटी मिळेल.

क्रोमबुकबद्दल, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपबद्दलही कुणीतरी सांगेल. ती वाईट नाहीत. कमी रॅममध्येही ती विंडोजपेक्षा मोकळी चालतात, आणि २०२१ पासून आलेल्या मॉडेलना गूगल दहा वर्षं अपडेट देतं. जिओबुक २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलं, वजन ९९० ग्रॅम, तेही त्याच जातीचं, स्वतःची वेगळी प्रणाली असलेलं. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे, त्या विद्यार्थ्याला मी ही सुचवीन. तुम्हाला नाही. वाडीवर रेंज नसते, प्रस्तावाचे नमुने तालुक्याहून एक्सेल आणि वर्डमध्ये येतात. काही ठिकाणी अजून श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूरही येतो आणि तो उघडायला विंडोज लागतं. जाता जाता एक: नव्या स्वस्त लॅपटॉपवर कधी कधी विंडोज 'एस मोड'मध्ये येतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काहीच बसवता येत नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत त्यात जाता येत नाही. तुमच्या कामाला जायचंही कारण नाही.

आता दिरांचा नेटबुक. त्या यंत्रांवर माझा जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. २००७ साली तैवानच्या असूसनं ई पीसी आणला. सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज, लिनक्स, आणि वजन किलोच्या आत. तोवर एवढ्या लहान लॅपटॉपला कितीतरी जास्त पैसे पडायचे. हे मशीन सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं आणि लोक अक्षरशः तुटून पडले. पुढच्याच वर्षी इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला आणि जवळपास सगळ्या कंपन्यांनी नेटबुक, म्हणजे असे छोटे स्वस्त लॅपटॉप काढले. पण विंडोज स्वस्तात मिळण्यासाठी अटी होत्या. विंडोज ७ स्टार्टर हवं तर रॅम १ जीबीच आणि स्क्रीन १०.२ इंचांपर्यंतच. स्टार्टरमध्ये तर पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. लोकांना यंत्र हळू वाटायचं आणि ते आकाराला दोष द्यायचे. खरं तर आकार सोयीचा होता, काटछाट रॅममध्ये होती. २०१० मध्ये आयपॅड आला, आणि २०१२ संपता संपता असूस आणि एसर दोघांनीही नेटबुक करणं थांबवलं.

दिरांचं मशीन २०१० चं म्हणजे ॲटम, १ जीबी रॅम, १०२४ बाय ६०० ची स्क्रीन असं असणार. त्यावर विंडोज ११ चढणार नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि क्रोमनंही २०२३ पासून विंडोज ७ सोडलं. म्हणजे बँकेची साइट, जीमेल हे त्यावर करूच नका, पैशांचं काम तर अजिबात नको. हलकं लिनक्स घालून निव्वळ टायपिंगला ते चालेल, घरात कुणी टायपिंग शिकत असेल तर देऊन टाका. पण ६०० ओळींच्या त्या बुटक्या स्क्रीनवर एखादी खिडकी उघडली की खालचं 'ओके' बटण स्क्रीनच्या बाहेर जातं, आणि माणूस ते शोधत बसतो. तुमच्या रोजच्या कामाला ते नको. नवी बॅटरी, नवी डिस्क असा खर्च कुणी सांगितला तर एक रुपयाही घालू नका, ते पैसे १८ हजारांतच राहू द्या.

मग घ्यायचं काय? मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना फिरतीसाठी चांगल्या दर्जाचे छोटे लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. तेच नीट करून विकले की त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. त्यातले तुमच्यासाठी डेलचा लॅटिट्यूड ७२९० आणि लेनोवोचा थिंकपॅड एक्स२८०, दोन्ही साडेबारा इंची, दोन्ही सव्वा किलोच्या आसपास. ११.६ इंचीपेक्षा पाव किलोसुद्धा जास्त नाहीत. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा मागा. लॅटिट्यूडमध्ये रॅम पुढे वाढवता येते. एक्स२८० मध्ये ती सोल्डर केलेली आहे, तेव्हा त्यात ४ जीबीचा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. साडेतेरा हजारांपासून अठरापर्यंत भाव सांगतील. बॅटरी आणि स्क्रीन कशी आहे त्यावर तो ठरतो, आणि घासाघीस होते.

प्रोसेसरचा आकडा मात्र डोळ्यांनी बघा. आय५ च्या पुढे ८२५०यू किंवा ८३५०यू, म्हणजे आठनं सुरू होणारा हवा. सहा किंवा सातनं सुरू होत असेल तर तो जुन्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत आधार नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीची मशीन सध्या फार स्वस्तात काढली जातायत. दुकानदार त्यावर विंडोज ११ घालून देईल, आज ते चालेलही. पुढच्या अपडेटला काय होईल याची जबाबदारी तो घेणार नाही.

दुकानात पुतण्याला बरोबर न्या आणि घाई करू नका, अर्धा तास तरी बसा. पेन ड्राइव्हवर तुमची सगळ्यात मोठी शीट, एक कर्ज प्रस्ताव आणि पाच-सहा पासबुकांचे स्कॅन घेऊन जा. क्रोम, व्हॉट्सॲप, शीट आणि प्रस्ताव एकदम उघडा आणि यातून त्यात जाऊन बघा. मग चार्जर काढा. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, पुतण्याला जमेल. त्यात दोन आकडे बघायचे, बॅटरी मुळात केवढी होती आणि आता पूर्ण भरल्यावर केवढी भरते. मूळच्या तीन-चतुर्थांशाहून कमी भरत असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. तुम्हाला वाडीवर चार तास तरी विनाचार्जर हवेत.

स्क्रीन दुकानाच्या आत बघू नका. मशीन उचलून दाराबाहेर उन्हात न्या. तुमची बैठक देवळाच्या ओसरीवर नाहीतर पारावर असते, तिथे ट्यूबलाइट नसते. आणि आणखी एक, हे मी मुद्दाम सांगते. एक्सेल उघडून मशीन समोर ठेवा आणि स्वतः बाजूला, मग जरा खाली बसून बघा. गटात बायका गोल बसतात. शेवंताबाईला तिचा हप्ता दाखवताना शेजारच्या दोघी वाकून बघतात, आणि स्वस्त स्क्रीनवर त्यांना आकडे पांढुरके नाहीतर काळपट दिसतात. स्वतःच्या पैशांचा आकडा नीट न दिसणं हे गटात चांगलं नाही, त्यातून उगाच शंका निघतात. एकाच मॉडेलमध्येही वेगवेगळ्या तऱ्हेच्या स्क्रीन येतात. १३६६ बाय ७६८ ची सोडा, १९२० बाय १०८० ची आयपीएस, म्हणजे बाजूनंही नीट दिसणारी मागा.

कीबोर्ड. तुम्ही मराठी कशी टाइप करता ते लिहिलं नाही. इंग्रजी अक्षरांतून करत असाल तर हा भाग सोडून द्या. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर करत असाल तर उजव्या बाजूची शिफ्ट केवढी आहे ते आधी बघा. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, उ, ए, ओ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर आहेत आणि सगळे शिफ्ट दाबून येतात. डावा हात अक्षरावर असतो, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनंच दाबायची. 'ण'चंही तसंच. नुसतं 'एकूण' लिहायचं तर उजवी शिफ्ट दोनदा लागते, आणि तुमच्या प्रत्येक शीटच्या तळाशी 'एकूण' आहे. जुन्या काही नेटबुकांवर उजवी शिफ्ट वर जाणाऱ्या बाणाच्याही पलीकडे ढकललेली होती. करंगळी बाणावर पडायची, कर्सर वरच्या ओळीत उडायचा आणि अक्षर भलत्याच जागी उमटायचं. आजही काही छोट्या लॅपटॉपवर ती शिफ्ट आखूड असते. दुकानात बसून 'अध्यक्षा, सचिव, उपस्थिती, इतिवृत्त, एकूण' एवढं दहा वेळा लिहा, हात अडखळतो का ते तिथेच कळेल.

बाकी, बिजागरी घट्ट आहे ना, वायफाय धरतं का, आणि मशीन सुरू होताना कुठल्या कंपनीचा पासवर्ड मागत नाही ना, हे बघायचं. तसा पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवून निघा. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर मशीनचा सिरियल नंबर आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. नुसती तोंडी नको. अठरा हजारांतले हजारभर मागे ठेवा, एक माऊस आणि एक पेन ड्राइव्ह लागेल. दर शुक्रवारी गटांच्या फायलींची एक प्रत त्या पेन ड्राइव्हवर जाऊ द्या आणि तो लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, घरी कपाटात ठेवा.

पावसाचं. तुमच्याकडे कोयनेचा पाऊस, तिथे बाजारातल्या 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणाऱ्या बॅगेच्या चेनीतून पाणी आत येतंच. लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड दोनदा दुमडून रबर लावा, मग ती बॅगेत पाठीच्या बाजूला ठेवा. छत्री आणि बाटली बाहेरच्या कप्प्यात. वाडीवर पोहोचल्या पोहोचल्या मशीन सुरू करू नका. थंड दमट हवेतून चुलीच्या उबेत आलं की आत बाष्प धरतं, तेव्हा बंदच राहू दे पंधरा-वीस मिनिटं, तोवर हजेरी वहीतच घ्या. घरी आल्यावरही ते पिशवीतून बाहेर काढून उघडं ठेवा, रात्रभर बंद पिशवीत ठेवू नका. आणि वीज येते-जाते तिथे चार्जिंग करताना गडगडाट सुरू झाला तर पिन भिंतीतून काढायची.

दुकानातून बॅटरी रिपोर्टचे दोन आकडे आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून आणा आणि पैसे देण्याआधी मला कळवा. मी बघून सांगते.